मायलिन घडवणाऱ्या पेशींना निरोप कोण पाठवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाच्या एमआरआयच्या अहवालात ‘मायलिनेशन’ हा शब्द वाचून धास्तावलेले पालक, मल्टिपल स्क्लेरोसिसचं (मायलिन नष्ट करणाऱ्या आजाराचं) निदान नुकतंच ऐकलेले रुग्ण आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी हे तिन्ही प्रकारचे वाचक इथे येतात. मायलिन बनवणाऱ्या पेशी कशा घडतात आणि त्यांच्यापर्यंतचं संदेशवहन कसं चालतं, याची सगळ्यांची उत्तरं एकाच पानावर आहेत, त्यामुळे हवं ते वाचा, नको ते सोडून द्या. उपचारांचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

मायलिन म्हणजे नक्की काय?

चेतापेशीतून निघणाऱ्या लांब धाग्याला अक्षतंतू म्हणतात. या धाग्याभोवती दुसरीच एक पेशी आपलं पटल चपटं करून फेरावर फेर गुंडाळते. मायलिन म्हणजे हे गुंडाळलेलं पटल. कोरड्या वजनात पाहिलं तर त्यात ७० ते ८० टक्के मेद आणि बाकी प्रथिनं असतात. म्हणूनच मेंदूचा हा भाग पांढरट दिसतो. रुडॉल्फ व्हिर्खो यांनी १८५४ मध्ये हे नाव दिलं, तेही ‘मज्जा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपण मराठीत ‘मज्जातंतू’ म्हणतो, म्हणजे दोन्हीकडे उपमा एकच.

आवरण सलग नसतं. मधेमधे उघड्या फटी असतात, त्यांना रानव्हिएच्या गाठी म्हणतात. विद्युत संदेश एका फटीतून पुढच्या फटीकडे झेपावत जातो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत संदेशाचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर असतो. जाड, मायलिनयुक्त तंतूत तो १०० मीटरच्याही पुढे जातो.

‘वायरवरचं प्लास्टिक’ ही उपमा सगळीकडे वाचायला मिळते, पण ती अर्धीच खरी आहे. प्लास्टिक निर्जीव असतं. मायलिन बनवणारी पेशी जिवंत असते आणि आतल्या तंतूला लॅक्टेटच्या रूपात इंधनही पुरवते. ही पेशी आजारी पडली तर आवरण जागच्या जागी असूनही आतला तंतू हळूहळू मरू शकतो.

ते कोणती पेशी बनवते?

मेंदूत आणि मेरुरज्जूत हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट करते. नावाचा अर्थ ‘थोड्या फांद्यांची पेशी’. १९२१ मध्ये माद्रिदच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवून तिची ओळख पटवली. त्याच्या आदल्याच वर्षी ख्यातनाम चेताशास्त्रज्ञ काहाल यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेतून बाहेर काढलं होतं. नाव मात्र फसवं आहे. प्रौढ पेशीला चांगल्या ४०–५० फांद्या असू शकतात आणि प्रत्येक फांदी एकेका तंतूचा तुकडा गुंडाळते. प्रयोगशाळेत सगळे तिला लाडाने ‘ऑलिगो’ म्हणतात. इथेही तेच म्हणू. तिच्या अपक्व पूर्वज पेशीला ‘ओपीसी’ म्हणू.

‘संदेशवहन’ म्हणजे चेतापेशींतून वाहणारी वीज ना?

नाही. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. इथे बोलतोय ते पेशींमधल्या रासायनिक निरोपांबद्दल. एक पेशी एखादं प्रथिन सोडते किंवा आपल्या अंगावर मिरवते. दुसऱ्या पेशीच्या पटलावर त्याच्या मापाचा ग्राही असतो. दोघांची गाठ पडली की आत प्रथिनांची साखळी हलते, निरोप केंद्रकापर्यंत पोचतो आणि काही जनुकं सुरू होतात, काही बंद पडतात. थायरॉइडसारखं संप्रेरक तर पटल ओलांडून थेट आतल्या ग्राहीला जाऊन भेटतं.

पुढचं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण या विषयातली निम्मी गुंतागुंत तिच्यामुळे सुटते. ऑलिगोला मिळणारे बरेचसे निरोप ‘हो’ म्हणणारे नसतात, ‘थांब’ म्हणणारे असतात. आणि एकाच निरोपाचा अर्थ पेशीच्या वयाप्रमाणे बदलतो.

या पेशी जन्मतात कुठे?

गर्भात मेरुरज्जू ही सुरुवातीला एक पोकळ नळी असते. तिच्या पोटाकडच्या बाजूला पृष्ठरज्जू (पाठीच्या कण्याआधीची लवचिक दांडी) असतो. तो आणि नळीचा तळ मिळून ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचं प्रथिन सोडतात. (हो, व्हिडिओ गेममधल्या पात्राचंच नाव. फळमाशीत हे जनुक बिघडलं की अळीच्या अंगावर काटे भरतात, म्हणून आधी ‘हेजहॉग’ हे काटेरी प्राण्याचं नाव पडलं होतं. १९९३ मध्ये पृष्ठवंशीयांमधलं भावंड सापडलं तेव्हा कुणाला तरी विनोद सुचला.)

तळाजवळ हे प्रथिन दाट असतं आणि वर जाता जाता विरळ होतं. मोगऱ्याचा गजरा कोणत्या खोलीत ठेवलाय हे वासाच्या तीव्रतेवरून ओळखावं, तशी प्रत्येक पेशी आपण तळापासून किती दूर आहोत हे ओळखते. ठरावीक अंतरावरच्या एका अरुंद पट्ट्यात ‘ऑलिग२’ नावाचं जनुक सुरू होतं. ऑलिगोंचा मुख्य कारखाना हाच. ऑलिग१ आणि ऑलिग२ ही जनुकं २००० साली सापडली. दोनच वर्षांत उंदरांतून ऑलिग२ काढून पाहण्यात आलं, तेव्हा मेरुरज्जूत ऑलिगो तयारच झाल्या नाहीत. त्याच पट्ट्यातून जन्मणाऱ्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीही गायब होत्या.

नळीच्या छताकडून नेमका उलटा निरोप येत असतो. तिथून ‘बीएमपी’ गटातली प्रथिनं झिरपतात. ती पेशीला ऑलिगो होण्यापासून रोखतात आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या वेगळ्या ग्लिया पेशीच्या (ग्लिया म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी, ऑलिगोही त्यातलीच) वाटेला लावतात. खालून ‘हो’, वरून ‘नको’, आणि या ओढाताणीत तो पट्टा ठरतो. गर्भाच्या शेवटच्या टप्प्यात छताचा जोर ओसरला की वरच्या भागातूनही थोड्या ओपीसी निघतात. त्यांना हेजहॉगची गरज पडत नाही.

एकाच पट्ट्यातून आधी चेतापेशी आणि मग ऑलिगो? हे कसं काय?

विद्यार्थ्यांचा हा आवडता प्रश्न आहे, आणि तो खरंच सुंदर आहे. उंदरात या पट्ट्यातून गर्भाच्या नवव्या-दहाव्या दिवशी स्नायूंच्या चेतापेशी बाहेर पडतात आणि बाराव्या दिवसानंतर ओपीसी. क्रमाला अर्थ आहे, कारण तंतूच नसेल तर गुंडाळणार काय?

या बदलामागे निदान तीन गोष्टी आहेत. पहिली ‘नॉच’ हा पेशीच्या पटलावरचा ग्राही. शेजारच्या पेशी एकमेकींना अडवून धरतात, त्यामुळे सगळ्याच पेशी चेतापेशी होऊन संपत नाहीत आणि काही मागे राखीव राहतात. दुसरी म्हणजे चेतापेशी घडवणारं न्यूरोजेनिन२ हे जनुक ओसरतं आणि सॉक्स९सारखी ग्लियाकडे नेणारी जनुकं पुढे येतात. तिसरी गोष्ट २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवली. ऑलिग२ प्रथिनावर एका ठिकाणी फॉस्फेटचा गट चिकटलेला असला की ते चेतापेशी घडवतं. तोच गट निघाला की तेच प्रथिन जोडीदार बदलतं आणि ऑलिगोंकडे वळतं.

मोठ्या मेंदूतही असंच होतं का?

तिथे लाटा येतात. २००६ मध्ये उंदराच्या अग्रमेंदूत तीन लाटा दिसल्या. पहिली पोटाकडच्या भागातून गर्भात लवकर येते, दुसरी जरा बाजूच्या भागातून आणि तिसरी जन्माच्या सुमारास थेट मेंदूच्या कवचातून. गंमत अशी की सर्वांत आधी आलेल्या पहिल्या लाटेच्या पेशी कवचातून जन्मानंतर जवळपास नाहीशा होतात. त्या का येतात आणि का जातात यावर अजून वाद चालू आहे. एखादी लाट मुद्दाम नष्ट केली तर दुसऱ्या लाटांमधल्या पेशी तिची जागा भरून काढतात. निसर्गाने इथे एकावर भरवसा ठेवलेला नाही.

जन्मल्यावर ओपीसी लांबचा प्रवास करतात. २०१६ मध्ये दिसून आलं की त्या रक्तवाहिन्यांना धरून सरकत जातात. त्यांना वाहिनीला चिकटवून ठेवतो तो ‘विंट’ नावाचा निरोप. विंट कमी झाला की त्या वाहिनी सोडतात आणि पुढच्या कामाला लागतात.

पूर्वज पेशी किती वेळा दुभंगायची हे कोण ठरवतं?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मार्टिन रॅफ यांच्या गटाने १९८०च्या दशकात उंदराच्या भाऊबंदांतल्या घुशीसारख्या रॅटच्या दृष्टिचेतेवर (डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर) हे काम केलं. मला विचाराल तर या क्षेत्रातले सर्वांत देखणे प्रयोग हेच. दृष्टिचेता निवडण्याचं कारण साधं होतं. तिच्यात चेतापेशींची शरीरं नसतात, फक्त तंतू आणि ग्लिया असतात, त्यामुळे गोंधळ कमी.

१९८६ मध्ये सॅली टेंपल आणि रॅफ यांनी एक ओपीसी दुभंगल्यावर तिच्या दोन लेकींना वेगळ्या छोट्या वाटीत ठेवलं. दोघींचा संपर्क तुटला होता. तरीही दोघी जवळपास सारख्याच वेळा दुभंगल्या, कमाल आठ वेळा, आणि साधारण एकाच सुमाराला थांबून ऑलिगो झाल्या. म्हणजे मोजमाप पेशीच्या आतच होतं.

घड्याळ आत असलं तरी ते चालायला बाहेरून दोन गोष्टी लागतात. दुभंगत राहायला ‘पीडीजीएफ’ हा वृद्धिघटक लागतो, तो अ‍ॅस्ट्रोसाइट आणि चेतापेशी पुरवतात. तो नसेल तर ओपीसी वेळेआधीच ऑलिगो होऊन बसते. थांबायला थायरॉइड संप्रेरक लागतं. ते नसेल तर पेशी घड्याळाची वेळ टळून गेली तरी दुभंगतच राहते. आत दर फेरीला पी२७ नावाचं एक ब्रेक-प्रथिन साचत जातं. घड्याळाच्या काट्यांपैकी एक काटा तो.

आणि पीडीजीएफ जास्त दिलं तर? ओपीसी भरमसाट वाढतात, पण शेवटी ऑलिगोंची संख्या नेहमीइतकीच राहते. कारण नव्या ऑलिगोंना जगायला तंतूंकडून मिळणारे निरोप लागतात आणि ते मोजकेच असतात. रॅटच्या दृष्टिचेतेत एरवीसुद्धा नव्याने तयार झालेल्या ऑलिगोंपैकी सुमारे निम्म्या मरतात. ज्यांना तंतू सापडला त्या वाचतात.

म्हणजे बाळाच्या थायरॉइड तपासणीचा याच्याशी संबंध आहे?

आहे, आणि अगदी थेट आहे. गर्भाची थायरॉइड ग्रंथी पूर्ण कामाला लागेपर्यंत बाळाला हे संप्रेरक आईकडूनच मिळतं. जन्मानंतर ग्रंथी कमी पडत असेल तर मायलिन उशिरा आणि कमी बनतं, शिवाय चेतापेशींची जुळणीही बिघडते. भारतात साधारण हजार बाळांमागे एकाला जन्मजात थायरॉइडची कमतरता असते. बाळ वरून अगदी गोंडस, शांत, ‘त्रास न देणारं’ दिसतं. म्हणूनच लक्षणांची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन होणारी ही तपासणी पहिल्या काही दिवसांत करतात. आपल्याकडे ती प्रत्येक रुग्णालयात आपोआप होईलच असं नाही, म्हणून प्रसूतीच्या वेळी स्वतःहून विचारा. दोष सापडला तर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू व्हावी असा प्रयत्न असतो. गोळी स्वस्त असते. उशीर महाग पडतो.

एक दुर्मीळ आजार या गोष्टीचा दुसरा पैलू दाखवतो. त्यात रक्तात संप्रेरक भरपूर असतं, पण त्याला पेशीत नेणारा एमसीटी८ हा वाहक बिघडलेला असतो. निरोप्या दारात उभा आहे आणि दार उघडत नाही. मायलिन इथेही उशिराच येतं.

मग परिपक्व व्हायला नेमकं काय लागतं?

बऱ्याच अंशी, लगाम सुटायला हवेत. तयार होऊ घातलेल्या ओपीसीभोवती ‘थांब’ म्हणणाऱ्यांची रांगच असते. तंतूवर जॅग्ड१ नावाचं प्रथिन असेल तोवर ते ओपीसीतला नॉच जागा ठेवतं आणि हेस५ हे जनुक परिपक्वता दाबून धरतं. दृष्टिचेतेत जॅग्ड१ ओसरतं त्याच सुमाराला मायलिन सुरू होतं, हे १९९८ मध्ये दिसलं. बीएमपी इथेही आड येतो. विंटचं तर विचारूच नका. वर ज्याने पेशीला प्रवासाला नेलं तोच आता तिला मोठं होऊ देत नाही. लिंगो१ हे प्रथिनही अडवतं. पेशींबाहेरच्या जागेत साचणारं हायल्युरोनन सुद्धा अडवतं.

हे सगळे सैल झाले की ‘मायर्फ’ हे जनुक सुरू होतं. २००९ मध्ये त्याची ओळख पटली. हे काढून टाकलेल्या उंदरांत ऑलिगो अर्ध्या वाटेवर येतात, पण मायलिनची प्रथिनं बनवू शकत नाहीत. आवरण किती जाड व्हायचं यात पुढे पेशीतल्या एकेटी–एमटॉर आणि इआरके या दोन साखळ्यांचा मोठा वाटा असतो.

इतके लगाम कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण ऑलिगो एकदा परिपक्व झाली की सहसा दुभंगत नाही आणि तिचं आवरणही जागचं हलत नाही. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी गुंडाळलेला तंतू नवे जोड करायला अडखळतो. घाई परवडण्यासारखी नाही.

कोणत्या तंतूला गुंडाळायचं हे तिला कसं कळतं?

आधी एक चकित करणारी गोष्ट. तिला तंतू जिवंतही लागत नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी ऑलिगोंना पॉलिस्टायरीनचे, म्हणजे सरळ प्लास्टिकचे, अतिसूक्ष्म धागे दिले आणि त्यांनी ते गुंडाळले. अट एकच होती. धाग्याची जाडी ०.४ मायक्रोमीटरपेक्षा अधिक हवी. म्हणजे गुंडाळणं हे तिचं मूळ वळण आहे आणि जाडी ही पहिली चाचणी.

त्यावर मग निरोपांची निवड चालते. ज्या तंतूतून संदेश वाहतात त्याला प्राधान्य मिळतं. ओपीसींवर चेतापेशींचे खरेखुरे जोड असतात हे २००० साली हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागात दिसलं, म्हणजे ओपीसी चेतापेशींच्या गप्पा थेट ऐकते. त्याआधी १९९३ मध्ये बेन बॅरेस आणि रॅफ यांनी रॅटच्या दृष्टिचेतेतले विद्युत संदेश बंद केले होते, तेव्हा ओपीसींचं दुभंगणं घटलं होतं.

झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत हे प्रत्यक्ष पाहता येतं. एक ऑलिगो आपली सगळी आवरणं साधारण पाच तासांच्या अवधीत सुरू करते. त्यानंतर ती नवीन आवरणं फारशी घालत नाही, असतील त्यांचीच लांबी-जाडी बदलते आणि काही मागे घेते.

गुंडाळण्याची तऱ्हा फेट्याच्या उलट आहे. फेटा बांधताना नवा फेर आधीच्या फेरावरून जातो. मायलिनमध्ये नवा फेर सर्वांत आतून, तंतूला लागून, जुन्या फेरांच्या खालून सरकतो, आणि त्याच वेळी प्रत्येक फेर बाजूंनाही पसरतो. हे घडायला आतला अ‍ॅक्टिनचा सांगाडा मोडावा लागतो, असं २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं.

हातापायांच्या मज्जातंतूंत हेच नियम लागू होतात का?

नाही. तिथे श्वान (हे शास्त्रज्ञाचं नाव) पेशी काम करतात. एक पेशी एकाच तंतूचा एकच तुकडा सांभाळते. तंतूवरचं न्यूरेग्युलिन१ हे प्रथिन किती आहे यावर आवरणाची जाडी ठरते, हे २००४ मध्ये दिसून आलं. मेंदूत हेच प्रथिन काढून टाकलं तरी मायलिन जवळपास नीट बनतं. एकाच शरीरातले दोन कारखाने, पण कायदे निरनिराळे.

सराव केला, वाद्य शिकलं, की मायलिन वाढतं म्हणतात. खरं का?

उंदरांपुरतं याला बऱ्यापैकी आधार आहे. २०१४ मध्ये दोन महत्त्वाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. स्टॅनफर्डमध्ये हालचालींशी संबंधित चेतापेशी प्रकाशाने चेतवल्यावर तिथल्या ओपीसी दुभंगल्या आणि मायलिन जाड झालं. लंडनमध्ये प्रौढ उंदरांना मधल्या काही आडव्या दांड्या काढलेलं चाक पळवायला दिलं. ज्यांच्यात मायर्फ बंद करून नव्या ऑलिगो बनणं थांबवलं होतं, ते हे कसब शिकण्यात मागे पडले. आधीच शिकलेलं मात्र त्यांना आठवत होतं.

यावरून ‘आमच्या वर्गात या, मुलाचं मायलिन वाढवा’ अशा जाहिरातींवर उडी मारू नका. माणसांत स्कॅनवर दिसणारे बदल अप्रत्यक्ष असतात, त्यातून मायलिनचे नेमके किती फेर वाढले हे सांगता येत नाही. तबला शिकायचा तर तबल्यासाठी शिका.

बदाम, तूप, बाळगुटी यांनी मायलिन वाढतं का?

मायलिन मेदाचं असतं, मग तूप खाल्लं की झालं, असा हा हिशोब आहे. पण आहारातलं कोलेस्टेरॉल रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडत नाही. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा हिस्सा त्याच्याकडे असतो, आणि त्यातलं बरंचसं मायलिनमध्ये. सहाणेवर उगाळलेला बदाम ऑलिगोपर्यंत पोचत नाही. बाळाला पहिले सहा महिने आईचं दूधच पुरेसं असतं.

आपल्याकडे खरी काळजी करावी ती बी-१२ जीवनसत्त्वाची. हा निरोप नव्हे, कच्चा माल. पण कच्चा माल नसेल तर सगळे निरोप वेळेवर येऊनही आवरण नीट बनत नाही आणि टिकतही नाही. शाकाहारी आहारात ते दूध-दह्यातूनच थोडंफार मिळतं. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडीत पुण्याजवळच्या गावांतल्या सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. आईमध्ये कमतरता असेल तर केवळ अंगावर पिणाऱ्या बाळालाही ती होते. बाळ सुस्त होतं, आधी जमणाऱ्या गोष्टी विसरू लागतं, कधी थरथरतं. वेळीच ओळखलं तर उपचार सोपे आहेत. गरोदरपणात फॉलिकच्या गोळीबरोबर बी-१२ची तपासणीही करून घ्या.

आमच्या बाळाच्या एमआरआयमध्ये ‘डिलेड मायलिनेशन’ (मायलिन उशिरा येणं) आलंय. घाबरावं का?

फक्त या दोन शब्दांवरून निष्कर्ष काढता येत नाही. मायलिन ठरलेल्या क्रमाने येतं, साधारण खालून वर आणि मागून पुढे. पूर्ण दिवसांच्या बाळात जन्मतः मेंदूचा देठ आणि हालचालींचा मुख्य मार्ग यांत ते दिसतं. दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकात साधारण चौथ्या महिन्यात, पुढच्या टोकात सहाव्या महिन्याच्या सुमारास. दोन वर्षांपर्यंत चित्र बरंचसं मोठ्या माणसासारखं होतं, तरी कपाळामागच्या भागात काम विशीपलीकडेही चालूच राहतं.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: वय कोणतं धरलं? दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचं वय अपेक्षित तारखेपासून मोजायला हवं. दुसरा प्रश्न: आवरण नुसतं उशिरा येतंय की येऊन बिघडतंय? या दोन्हींची कारणं आणि पुढची वाट वेगळी असते. अनेकदा काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केल्यावरच हे कळतं.

कमी दिवसांच्या बाळांना धोका का असतो?

गर्भाच्या साधारण २३ ते ३२ आठवड्यांत मेंदूच्या पांढऱ्या भागात बहुतांश पेशी मधल्या अवस्थेत असतात, ओपीसीच्या पुढे आणि ऑलिगोच्या अलीकडे. ही अवस्था प्राणवायूची कमतरता, जळजळ आणि ग्लुटामेट या चेतापेशींच्या निरोप्या रेणूचा अतिरेक यांना फार नाजूक असते. पूर्वी वाटायचं की या पेशी मरतात आणि म्हणून मायलिन येत नाही. आता दिसतं की मेलेल्यांची जागा ओपीसी भराभर घेतात, पण पुढे जाऊ शकत नाहीत. ते लगाम तिथेही असतात, विशेषतः जखमेत साचलेलं हायल्युरोनन.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदू स्वतः दुरुस्ती का करत नाही?

करतो, पण अर्धवट. प्रौढ मेंदूतल्या पेशींपैकी सुमारे पाच टक्के ओपीसी असतात आणि जखम झाली की त्या धावून येतात. काही जखमांत पातळ का होईना, नवं मायलिन दिसतं. पण पुष्कळ जुन्या जखमांत ओपीसी हजर असूनही नुसत्या बसून राहिलेल्या दिसतात. म्हणजे माणसं कामावर आली आहेत, कामाचा हुकूम सुटत नाहीये.

म्हणून लगाम सोडवणारी औषधं शोधण्याकडे लक्ष गेलं. लिंगो१ अडवणाऱ्या ओपिसिनुमॅब या प्रतिपिंडाकडून मोठी आशा होती. ते २०१६ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या मुख्य कसोटीत उतरलं नाही आणि २०२० मध्ये त्यावरचं काम थांबलं. क्लेमास्टिन हे सर्दी-अ‍ॅलर्जीचं जुनं औषध ओपीसीवरचा मस्करिनिक ग्राही अडवतं. सॅन फ्रान्सिस्कोत ५० रुग्णांवर केलेल्या चाचणीत डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या संदेशाचा उशीर दर डोळ्यामागे १.७ मिलिसेकंदांनी घटला, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. आकडा लहान आहे, पण मायलिन पुन्हा घालता येतं याच्या माणसांतल्या पहिल्या काही चिन्हांपैकी हे एक होतं. मात्र आजार सतत वाढत जाण्याच्या प्रकारातल्या वेगळ्या चाचणीत याच औषधाचा गट थांबवावा लागला, कारण काही रुग्णांचं अपंगत्व वेगाने वाढलं. दुकानातून स्वतःच्या मनाने आणून घेण्याचा विचारही करू नका.

माझं मत विचाराल तर एकच लगाम सोडून घोडं पळेल ही अपेक्षाच थोडी भाबडी होती. शिवाय वय आड येतं. २०१९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की म्हाताऱ्या रॅटच्या ओपीसी थायरॉइडसारख्या निरोपांना दादच देत नाहीत. एक दिवसाआड उपास किंवा मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध दिल्यावर त्या पुन्हा ऐकू लागल्या. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं की म्हाताऱ्या मेंदूचा टणकपणासुद्धा त्यांना अडवतो. म्हातारी ओपीसी मऊ परिसरात ठेवली की ती तरुणासारखी वागू लागते. हे सगळं रॅटमध्ये. एकादशीचा उपास मायलिनसाठी करू नका.

अग्रवाल समाजात आढळणारा मायलिनचा आजार कोणता?

त्याला थोडक्यात एमएलसी म्हणतात: मोठं डोकं, पांढऱ्या भागाची सूज आणि पोकळ्या, हळूहळू येणारा अडखळेपणा, पण सुरुवातीला बुद्धी बऱ्यापैकी शाबूत. मुंबईचे चेतारोगतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांनी १९९०च्या दशकात अग्रवाल समाजातल्या रुग्णांत आणि नेदरलँड्सच्या मारयो व्हान डर क्नाप यांनी तिकडच्या रुग्णांत हा आजार वर्णिला, म्हणून दोघांच्या नावाने तो ओळखला जातो. २००१ मध्ये एमएलसी१ हे जनुक सापडलं. अग्रवाल कुटुंबांत बहुधा एकच, समान पूर्वजापासून आलेला बदल दिसतो, त्यामुळे तपासणी सोपी झाली.

या पानावर तो आवर्जून घेतला, कारण हे जनुक ऑलिगोत नाही, अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये काम करतं. पाणी आणि क्षारांचा तोल शेजारणीने बिघडवला आणि फोड आले मायलिनला.

या पेशी आयुष्यभर बदलत राहतात का?

१९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन-१४ वाढला आणि तो त्या काळात जन्मलेल्या प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये तारखेच्या शिक्क्यासारखा उमटला. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतल्या ऑलिगोंचं वय यावरून काढलं. दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्यात ऑलिगोंची संख्या साधारण पाचव्या वर्षी भरते. त्यानंतर वर्षाला ३०० मध्ये जेमतेम एक पेशी बदलते. मायलिनमधले घटक मात्र सतत नव्याने घातले जातात. म्हणजे ऐंशीच्या आजीच्या मेंदूतल्या त्या पट्ट्यात आज काम करणाऱ्या बहुतेक ऑलिगो ती शाळेत जायच्या आधीच कामावर रुजू झालेल्या आहेत.